रोलरखालची पूजा

दसऱ्याला वरूडजवळच्या रस्त्याच्या कामावर सारी यंत्रं धुऊन-पुसून ओळीनं उभी होती. रोलरवाल्या देवानंदला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. संध्याकाळी शेंदूरजनाघाटला, सासुरवाडीत, त्याच्या लेकीचं बारसं होतं.

रस्ता नीट दबला का ते मोजणारं पिवळं यंत्र रागिणी मॅडमच्या ताब्यात असे. त्याच्या पोटात किरण सोडणारी गोळी आहे, कोणी हात लावायचा नाही, असं त्या रोज बजावत. पण मॅडम आपट्याची पानं घ्यायला वळल्या आणि देवानंदला यंत्राची दया आली. सगळ्यांना हळदकुंकू, मग यानंच काय घोडं मारलं होतं? त्यानं ते उचलून रोलरपुढं मांडलं, हळदकुंकू वाहिलं. रिवाजाप्रमाणे चाकाखाली लिंबं ठेवली, वर चढला आणि बारशाच्या नादात रोलर पुढं घेतला. लिंबांबरोबर यंत्रही चिरडलं.

"बंद करून खाली या. सगळे मागं व्हा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी लांबवर दोरी बांधली आणि अमरावतीच्या ऑफिसात फोन लावला. "यंत्रावरची नजर मी हटवली, चूक माझीबी आहे," असं त्यांनी फोनवर सांगितलं.

देवानंद वेगळा बसला, दोन्ही हात अंगापासून लांब धरून.

"मॅडम, गोळी फुटली असन तं पोरीले घेता येईन का मले?"

"तपासल्याबिगर नाही."

खोटा धीर देणं मॅडमच्या स्वभावात नव्हतं. देवानंदचा जीव टांगणीला लागला. मजूर इंदूबाईनं पेढा पुढं केला, तोही त्यानं घेतला नाही.

दुपारी अमरावतीहून तनवीर साहेब किरण मोजायचं मीटर घेऊन आले. यंत्राचं वरचं कवच पार चेपलं होतं. गोळी मात्र जाड शिशाच्या आत शाबूत होती. काही सांडलं नव्हतं. मग देवानंदचे तळवे, सदरा, बूट यांवरून मीटर फिरलं. काटा नेहमीच्या जागेवरून हलला नाही.

"मंग घेऊ पोरीले?"

"बिनधास्त घे," तनवीर साहेब म्हणाले. "पण पुढच्या दसऱ्याले याले दुरूनच हात जोडजो."

बारशाला बाया त्याच्यासाठी खोळंबल्या होत्या. सासू पार्बताबाईनं लेक त्याच्या हातात दिली आणि लेकीनं पहिल्या झटक्यात बापाला पुरतं भिजवलं.

"जावईबापू, हात धुऊन घ्या, सदरा बदला."

"राहू द्या मामी," देवानंद म्हणाला, आणि लेकीला छातीशी धरून तसाच पाळण्यापाशी उभा राहिला.