साडेपंधराची कॉलर

भाडेकरू संघाचं नाव काढलं तरी टेलरबाईच्या कपाळाला आठ्या पडायच्या. संघ वाईट होता असं नाही. संघाच्या टेबलामागे नर्सबाई बसायची, तेवढं पुरेसं होतं. एकाच जिन्याला, बरोबर एक मजला वर राहणाऱ्या या निवृत्त नर्सशी टेलरबाई सात वर्षं एक शब्द बोलली नव्हती. जिन्यात गाठ पडली की दोघी भिंतीकडे बघत पुढे जायच्या, आणि त्या भिंतीत बघण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

पण आता पाणी नाकातोंडात जायला लागलं होतं. जुना मालक वारला आणि इमारत जावयाच्या हाती आली. सासऱ्याच्या भिंती आणि जावयाची मुजोरी! त्याने आल्या आल्या नोटीस धाडली: राहत्या खोलीत परवानगीशिवाय धंदा चालवता, तीस दिवसांत जागा खाली करा. धंदा म्हणजे खिडकीखालचं एक शिलाई मशीन आणि एक कापायचं टेबल. त्यावर टेलरबाई आणि तिची सासू अशी दोन पोटं चालत होती. नव्या जागेत मशीनची खडखड कोण ऐकून घेणार, आणि गिऱ्हाईक तरी तिथवर कशाला येणार?

"जा, संघात नाव घाल," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "तिथे वकील आहे म्हणे."

"त्या बाईपुढे जाऊन उभी राहू?"

"अडला हरी गाढवाचे पाय धरी. तू तर हरीही नाहीस."

संघाची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे होती. दोन बाकं, एक कपाट, रबराचा वास. बाकावर कोपऱ्यावरचा न्हावी त्याची गळकी मोरी घेऊन आला होता. म्हणजे मोरीची तक्रार घेऊन.

"नाव?" नर्सबाईने मान वर न करता विचारलं.

"सात वर्षांत विसरलात?"

"फॉर्मवर लिहावं लागतं. मजला?"

"तुमच्या पायाखालचा."

न्हावी खुदकन हसला. नर्सबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

संघाची वकीलबाई वयाने लहान, पण कामाला चोख होती. तिने नोटीस दोनदा वाचली. "जुन्या मालकांनी मशीनला लेखी परवानगी दिली होती का कधी?"

"दिली होती की! चांगल्या जाड कागदावर, सहीनिशी. नऊ वर्षं झाली."

"मग तेवढं पत्र आणा. शुक्रवारी उत्तर द्यायचंय. पत्र असलं तर ही नोटीस टिकणार नाही. नसलं तर अवघड आहे."

नर्सबाईने मान वर केली, टेलरबाईकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

घरी येऊन टेलरबाईने ट्रंक उपसली, गादी उलटी केली, सासूबाईंच्या उशीचा अभ्रासुद्धा काढला. पत्र नाही. मग तिची नजर भिंतीवरच्या खिळ्यांकडे गेली. खिळ्यांना गिऱ्हाइकांची कागदी कटिंगं टांगलेली होती. बाही, खांदा, कॉलर, प्रत्येकाचं वेगळं पुडकं. जाड कागद दिसला की तिचा हात शिवशिवायचा. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, कशाचीच तिने गय केली नव्हती. मालकाच्या पत्राची कशी करेल? तेव्हा म्हातारा जिवंत होता, त्याच्या शब्दापुढे कागदाला कोण विचारतं?

तासाभराने एक कफ सापडला. पाठीमागे तिच्याच अक्षरात 'नर्सबाईंचे मिस्टर', आणि पुढे मालकाची सही, खाली तारीख. नुसती सही. ज्या ओळींखाली ती केली होती त्या ओळी कफाच्या वरच्या पट्टीत गेल्या होत्या. वरची पट्टी म्हणजे कॉलर. आणि ते कटिंग सात वर्षांपूर्वी नर्सबाईने भांडणाच्या भरात याच भिंतीवरून ओरबाडून नेलं होतं.

भांडण त्या माणसाच्या शेवटच्या शर्टावरून झालं होतं. शर्ट शिवून तयार झाला आणि माणूस गेला. पोचवलेला शर्ट नर्सबाईने दारातून परत पाठवला. टेलरबाईने तो दुसऱ्याला विकला. मग काय कपाटात ठेवून ओवाळायचा होता? इतकी वर्षं ती सासूला हेच सांगत आली होती, आणि सासू दर वेळी कूस बदलत होती.

गुरुवारी ती कफ घेऊन संघात गेली. तेच टेबल, तोच न्हावी, तीच मोरी. वकीलबाई कपाटापाशी फायली लावत होती.

"तुम्ही नेलेलं कॉलरचं कटिंग," टेलरबाई म्हणाली. तिने कफ टेबलावर ठेवला. "हवं होतं."

नर्सबाईने खणातून एक्स-रेचा जुना पिवळा लिफाफा काढला आणि त्यावर हात ठेवला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? काल का बोलला नाहीत?"

"काल तू विचारलंस?" नर्सबाई म्हणाली. "देते. आधी सगळ्यांसमोर सांग, तो शर्ट कोणाला दिलास."

टेलरबाईच्या कानशिलांना आग लागली. उठून चालतं व्हावं असं तिला वाटलं. मग खिडकीखालचं मशीन डोळ्यांपुढे आलं.

"तुमच्या मिस्टरांचा शर्ट. कॉलर अर्धा इंच लहान केली आणि ह्यांना विकला." तिने बाकाकडे बोट केलं. न्हाव्याने मान खाली घातली.

"त्यांना जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते," नर्सबाई म्हणाली. "रस्त्यात हा मला पाठमोरा दिसला. तेच खांदे, तेच कापड. मी हाक मारली. त्यांच्या नावाने. भर रस्त्यात."

सायकलवाल्याचा हातोडा तेवढा वाजत होता.

"हे मला माहीत नव्हतं," टेलरबाई म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायला लावल्याबद्दल समोरच्या बाईचा संतापही आला.

"आता झालं माहीत." नर्सबाईने लिफाफा टेबलावरून सरकवला.

वकीलबाईने दोन्ही तुकडे कोऱ्या कागदावर लावले. कडा अचूक जुळल्या. कात्री कोणाची होती! कॉलरवर वाचता आलं: 'खोलीत शिवणाचे यंत्र चालविण्यास आमची कायमची संमती आहे.' खाली सही.

"हे भक्कम आहे," वकीलबाई म्हणाली. "पण मूळ कागदच फायलीत ठेवावा लागेल. महिने लागतील, कदाचित वर्षंही."

नर्सबाईचा हात कॉलरकडे गेला आणि मध्येच थांबला. टेलरबाईने ते पाहिलं. पिशवीतून कागद आणि पेन्सिल काढून तिने कॉलरची कड गिरवायला घेतली.

"काय चाललंय?"

"नक्कल करते. साडेपंधरा, तसूभर फरक पडणार नाही."

"तुझ्या हातची नक्कल मला नको." नर्सबाईचा आवाज चिरकला. "त्यांच्या मानेला हा कागद लागला होता. केस संपली की हाच आणून द्यायचा. तू स्वतः, जिना चढून. तोवर खोली सोडलीस तर माझ्याशी गाठ आहे."

तिने फॉर्म ओढला, सूचक म्हणून खाली सही ठोकली आणि पेन टेलरबाईपुढे टाकलं. टेलरबाईने सही केली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

"पुढचा!" नर्सबाई ओरडली.

पुढचा म्हणजे न्हावीच होता, आणि तो काही उठेना.