सी रांगेतली सबीना

माझी बायको सबीना मरणाला घाबरत नव्हती, विहिरीला घाबरत होती. आमच्या चर्चच्या सिमेट्रीच्या मागच्या भिंतीपाशी एक विहीर आहे. पाण्याची नव्हे, हाडांची. ठाण्यात जिवंत माणसाला जागा मिळत नाही, तिथं मेलेल्याला कायमची कुठून मिळणार? दोन-तीन वर्षं झाली की कबर उघडतात आणि दुसऱ्याला देतात. त्याआधी घरच्यांना कळवतात. घरचे येतात, हाडं धुतात, पांढऱ्या कपड्यात बांधतात आणि आपल्या निशमध्ये ठेवतात. निश म्हणजे सिमेट्रीच्या भिंतीतला हातभर खोल कोनाडा. त्यावर संगमरवरी फरशी, फरशीवर नाव. ज्यांच्यासाठी कोणी येत नाही, त्यांची हाडं विहिरीत जातात.

आमच्या निशमध्ये नेल्सन आहे. आमचा पहिला मुलगा, सव्वा महिन्याचा होऊन गेला. दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपली की सबीना त्या फरशीवर हात ठेवून उभी राहायची, आणि मी फाटकाबाहेर घड्याळ बघत तिच्या नावानं चरफडायचो. शेवटच्या आजारपणात तिनं माझ्याकडून एकच वचन घेतलं. "मला नेल्सनजवळ ठेवा. विहिरीत नको. तिथं कोण कोणाचं, काय कळत नाय."

"गप गं," मी म्हणालो, "तुझ्याआधी मीच जाणार." पण गेली ती, आणि मी बसलोय.

त्यानंतर वर्षभरात आमचं माजिवड्याचं घर बिल्डरनं पाडलं. नवी इमारत उभी राहीपर्यंत मी मुलीकडे, व्हॅलेरीकडे, डोंबिवलीला राहायला आलो. तरी महिन्यातून एक रविवार मी ठाण्याला जायचोच. शीळफाट्याला बस अडकली की अडकली. ड्रायव्हर खाली उतरून चहा पिऊन यायचा, आणि आम्ही आतच शिजायचो. पण चर्च सोडवत नव्हतं, कारण माझं माणूस तिथं होतं.

त्याच सुमारास चर्चला नवे फादर आले, फादर टेरेन्स. तरुण, हसतमुख, गिटार वाजवणारे. माणूस वाईट नाही, हे मी रागातसुद्धा म्हणतो. त्यांनी आल्या आल्या कागद बंद केला. पूर्वी मिस्सेच्या शेवटी सूचना वाचायचे, कोणाचं लग्न आहे, कोणाची कबर उघडणार आहे. फाटकापाशी फळा होता, त्यावर खडूनं नावं लिहायचे. तो फळा काढून तिथं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवला. त्याच्यासमोर मोबाईल धरायचा म्हणे. मी माझा बटणांचा मोबाईल धरून पाहिला. मागं उभी असलेली मंडळी हसली. मीही हसलो, करतो काय!

मग ऑफिसात गेलो. तिथल्या मुलीला म्हटलं, "माझ्या सबीनाच्या कबरीचं काही असलं तर मला एक फोन कर गं."

"अंकल, आता सगळं ग्रुपवर येतं. घरात कोणाकडे स्मार्टफोन आहे ना? त्यांचा नंबर द्या."

"अगं, पण मला फोन केलास तर काय बिघडेल?"

"एकेकाला फोन करत बसलो तर ग्रुप कशाला केला, अंकल?"

मुद्दा बिनतोड होता. मी व्हॅलेरीचा नंबर दिला आणि घरी आलो.

त्या दिवसापासून व्हॅलेरीचा फोन कावळ्यासारखा ओरडायला लागला. गुलाबावर गुड मॉर्निंग, संतांची चित्रं, कोणाच्या नातीच्या वाढदिवसाचा केक, कोणाचं हरवलेलं मांजर. ती एका कंपनीत हिशेबाचं काम करते. मीटिंगमध्ये दोनदा बोलणी खाल्ली, तेव्हा तिनं त्या ग्रुपचा आवाज बंद करून टाकला. मी दर रविवारी विचारायचो, "चर्चचं काही आलंय का गं?" ती अंगठ्यानं पडदा सरकवायची आणि म्हणायची, "काही नाही डॅडी, नेहमीचंच." खोटं बोलत नव्हती पोरगी. शंभर गुलाब बघून झाले की एकशे एकावा कोण वाचतो?

ईस्टरनंतर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी घरातच अडकलो. पावसाळा गेला. नोव्हेंबरच्या दोन तारखेला आमचा मेलेल्यांचा दिवस असतो. त्याआधी सगळे आपापल्या कबरी साफ करतात, रंगवतात, फुलं लावतात. मी ब्रश, रंगाचा डबा आणि मेणबत्त्या पिशवीत घालून काठी टेकत ठाण्याला गेलो.

सबीनाच्या जागी ताजी माती होती. वर नवा लाकडी क्रूस, आणि त्यावर भलत्याच माणसाचं नाव. मला वाटलं, आपण रांग चुकलो. मागं फिरलो, कोपऱ्यातल्या चाफ्यापासून पुन्हा चालत आलो. चुकलो नव्हतो.

कबरी खणणारा देवराम नळाजवळ चुना कालवत होता. मला बघून तो उठून उभा राहिला.

"तुमी आलंच नाय, दादा," तो म्हणाला. "मी ऑफिसात इचारलं. ते बोलले, गुरुपवर टाकलाय, कोनाचा जवाब नाय."

"कुठं आहे ती?"

त्यानं मागच्या भिंतीकडे पाहिलं. मी नेल्सनच्या निशसमोरच्या बाकावर जाऊन बसलो आणि व्हॅलेरीला फोन लावला. ती ऑफिसात होती. शोधते म्हणाली.

"आहे, डॅडी. ऑगस्टमध्ये आलेला." तिनं तो इंग्रजी मेसेज वाचून दाखवला. सी रांगेतल्या चार ते अकरा नंबरच्या कबरी उघडणार आहेत, संबंधितांनी महिन्याभरात ऑफिसात भेटावं. नाव एकाचंही नव्हतं. "मम्मीचा नंबर मला माहीतच नव्हता, डॅडी. मी उघडलाही असेल. मला कळलंच नसेल."

मला तरी कुठं माहीत होता? चाफ्याजवळची, एवढाच आमचा पत्ता. ती तिकडे रडायला लागली. मला तिचा राग आला होता, आणि तिचं रडणंही ऐकवत नव्हतं. रडू नको म्हणालो. तुझी चूक नाही, असं मात्र काही केल्या तोंडातून निघालं नाही.

देवरामनं कळवलं तसे फादर टेरेन्स धावतच आले. माझा हात हातात घेऊन बाकावर बसले. "अंकल, आय अ‍ॅम सो सॉरी. पण आम्ही दोनदा टाकलं होतं. हे बघा, तीनशेच्या वर लोकांनी पाहिलंय."

"आणि त्या तीनशे जणांत एकालाही सबीना आठवली नाही?"

"नावं टाकता येत नाहीत, अंकल. प्रायव्हसीचा प्रश्न येतो."

"फळ्यावर खडूनं लिहायचात, तेव्हा नव्हता आला?"

त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाले, "आपण आंटींसाठी मिस्सा अर्पण करू. निशच्या फरशीवर त्यांचं नाव कोरून घेऊ. तुम्ही काही बघू नका, चर्च सगळं करेल."

"नाव कोराल. आत काय ठेवाल?"

देवराम बाजूला उभा होता. मी त्याला विचारलं, "वेगळी काढता येईल का रे ती?" त्यानं मान हलवली. सगळी रांग एकाच दिवशी रिकामी केली होती. वर आणखी कोणाकोणाची हाडं पडली होती.

मी फरशीकडे बघत राहिलो. उद्या मी मेलो की माझी हाडं या निशमध्ये येतील, तेवढं व्हॅलेरी आता डोळ्यांत तेल घालून बघेल. म्हणजे पोराजवळ बाप असेल. पण मी त्याला धड मांडीवरसुद्धा घेतलं नव्हतं. बाळ फार नाजूक होतं आणि मला भीती वाटायची. त्याला ती हवी होती, आणि तिला तो. माझ्या असण्यानं कोणाचं काय भागणार होतं?

"देवराम," मी म्हणालो, "ही फरशी काढ."

त्याला लगेच कळलं. फादरांना जरा वेळानं. "अंकल, असं घाईत काही करू नका. विहिरीतून परत काढता येत नाही. आधी व्हॅलेरीला विचारा."

"फादर, सबीनाला टाकताना मला विचारलं होतंत?"

ते उठून बाजूला झाले. देवरामनं छिन्नीनं कडेचं सिमेंट फोडलं आणि फरशी उतरवली. आत एक लाकडी पेटी होती, आणि पेटीत सबीनानं आपल्या लग्नाच्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं. हातात वजन असं काही लागलंच नाही. चाळीस वर्षांनी मी मुलाला पहिल्यांदा नीट धरलं होतं. मग रडलो. भर दुपारी, कोणाची पर्वा न करता रडलो.

देवरामनं विहिरीवरचं लोखंडी झाकण सरकवलं. फादरांनी मोबाईल काढला, प्रार्थना त्यातच होती. त्यांचं आमेन झाल्यावर मी गाठोडं आत सोडलं.

"सबीना, बाळाला घे गं," मी म्हणालो. त्या ढिगात ती नेमकी कुठं आहे ते मला माहीत नव्हतं, म्हणून जरा मोठ्यानं म्हणालो.