वाघिणीसमोरची पन्नी

माझ्या सासऱ्यांना, दत्तोपंतांना, सगळा अन्नपूर्णा रोड टरकून असतो. शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर आल्यापासून तर त्यांच्या अंगातच आलं आहे. कुणी चालत्या स्कूटरवरून पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, टाकली की हे रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे. "भिया, उठाओ," म्हणतात, आणि तो बिचारा मुकाट्याने उचलतो. आमच्या गाडीतही सीटमागे कचऱ्याचा डबा टांगलेला असतो. स्वभावाला औषध नाही, म्हणून आम्ही हसतो आणि सोडून देतो.

मे महिन्यात आम्ही माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, संहिताला, वाघ दाखवायला शहराबाहेरच्या नव्या सफारीत नेलं. तिथे आपलीच गाडी वाघांच्या आवारात नेता येते. मला हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने बजावलं, "काच बंद, दरवाजा बंद. कुछ भी हो जाए, उतरना नहीं." मग आमच्यामागे लोखंडी फाटक लागलं.

आत सागाची झाडं उघडीबोडकी झालेली, खाली वाळक्या पानांचा थर. इतक्या पानांतून काही चाललं तर ऐकू यायला हवं होतं. काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं, साधा पक्षीसुद्धा नाही. माझा नवरा अनीश गाडी इतकी हळू चालवत होता की मला त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं.

"आजोबा, ती बघा!" मागच्या सीटवरून संहिता कुजबुजली.

वाघीण रस्त्याच्या कडेलाच बसली होती. आम्ही तिला दूर झाडांत शोधत होतो आणि ती कधीची आमच्याकडे बघत होती. अनीशने गाडी थांबवली. तिच्या नाकावर माश्या बसलेल्या दिसत होत्या. ती त्या हाकलत नव्हती.

"डोळे भरून बघून घे बेटा," नातीशेजारी मागे बसलेले अण्णा म्हणाले. आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो. "फार थोड्या बाकी राहिल्यात आता."

काच धुळीने माखली होती. "ऐसे में पोरीला काय घंटा दिसणार?" म्हणत त्यांनी आपल्या बाजूची काच अर्धी खाली केली.

"अण्णा, नको ना, बंद करा," मी पुढच्या सीटवरून म्हणेपर्यंत वारा आत शिरला आणि संहिताच्या मांडीवरची शेवेची रिकामी पन्नी उडून बाहेर गेली. रस्त्यावर पडून ती वाघिणीच्या दिशेने घसरत निघाली.

"अरे, गलती से खाल्ली तर मरेल ना ती!"

एवढं बोलून अण्णा उतरलेसुद्धा. भर बाजारात उतरावं तसे उतरले. वर सवयीने दार नीट लावून घेतलं.

ते वाकले, पन्नी उचलली आणि सरळ झाले. तोवर वाघीण उभी राहिली होती.

अनीशने ती काच वर केली आणि सगळी दारं लॉक केली.

अण्णा मागे मागे सरकत गाडीपाशी आले. त्यांनी हँडल ओढलं. पुन्हा ओढलं. मग त्यांनी काचेतून आत पाहिलं. आवाज पोचत नव्हता, पण ओठ दिसत होते. "अनीश, उघड."

वाघीण एक पाऊल पुढे आली.

"अनीश, उघड ना!" मी किंचाळले.

"संहिता आत आहे," तो समोर बघत म्हणाला.

मला त्याची घृणा आली. पण माझाही हात दाराकडे गेला नाही.

अण्णांनी हँडल सोडलं. वळून गाडीला पाठ टेकली, आणि काचेत नुसता त्यांचा घामाने भिजलेला सदरा दिसू लागला. पलीकडून पहारेकऱ्यांची जीप हॉर्न वाजवत येईपर्यंत तो सदरा हलला नाही. वाघिणीने जीपकडे बघितलं आणि कंटाळल्यासारखी झाडांत निघून गेली. आताही पानं वाजली नाहीत.

अनीशने लॉक उघडलं. अण्णा आत बसले. जीपवाल्यांनी काय काय सुनावलं, ते आम्ही माना खाली घालून ऐकलं. मग गाडी फाटकाबाहेर पडली.

तेव्हा संहिता म्हणाली, "पप्पा, आजोबा बाहेर होते तर तुम्ही लॉक का केलं?"

अनीशने गिअर बदलला.

"मीच बोललो होतो त्याला," अण्णा म्हणाले. "मी उतरलो की फटाफट बंद कर, म्हणून."

"मला तर नाही ऐकू आलं."

"हळू बोललो ना. वाघीण ऐकेल म्हणून."

संहिताला ते पटलं. ती खिडकीला नाक लावून बाहेर बघू लागली. अनीशने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडू लागला. अण्णांनी मागून त्याच्या खांद्याकडे हात नेला. पण तो ठेवता आला नाही त्यांना. त्यांनी हात परत घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.