हिन्याचं अत्तर आणि पाच पेले

शरयूच्या नाकावर सदा राग असतो, असं घरचे म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याच नाकावर तिचं पोट चालत होतं. ग्वाल्हेरबाहेर विक्रमसिंहांची लहानशी डिस्टिलरी होती. कोणत्या पिंपातली व्हिस्की कोणत्यात किती मिसळायची, ते शरयू हुंगून आणि चाखून ठरवायची. घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकून टाकायचा, ही तिची नोकरी. तिचे वडील गोपाळकृष्ण पिढीजात पूजा सांगणारे. ते शेजाऱ्यांना सांगत की मुलगी केमिकलच्या कंपनीत आहे.

चार वर्षांपूर्वी तिनं हट्टानं चंबळकाठच्या बाजरीची व्हिस्की काढून अकरा पिंपं भरली होती. आता एका मोठ्या कंपनीला ती पिंपं स्वस्त मालात ओतायला हवी होती. शरयू म्हणत होती, अजून दोन वर्षं मुरू द्या. विक्रमसिंहांना तेवढा दम नव्हता. शेवटी त्यांनी शर्त घातली.

"रविवारी मल्हाररावांच्या हॉटेलात आपल्या भागातल्या पाच डिस्टिलऱ्यांची परीक्षा आहे. पहिला नंबर आण, पिंपं दोन वर्षं तुझी. नाहीतर गुरुवारी टँकर येणार. बात खतम."

मल्हाररावांचं हॉटेल ग्वाल्हेर स्टेशनजवळच्या पडाव भागात होतं. चाखायचं काम सकाळी अकराला ठेवलं होतं, कारण तेव्हा नाक ताजं असतं. तीन परीक्षक होते: फौजेतून निवृत्त झालेले सूर्याजी, भोपाळचा एक हॉटेलवाला आणि मद्यावर लिहिणारी इंदूरची एक बाई. मांडामांड यंदा विक्रमसिंहांच्या डिस्टिलरीकडे होती, म्हणून शरयूनं आतल्या खोलीत स्वतःच्या हातांनी पेले पुसले, नंबर लावले, मोजून व्हिस्की ओतली. कुणी उदबत्ती लावू नये, कुणी सेंट मारून येऊ नये, हे तिनं मल्हाररावांना तीनदा बजावलं होतं.

पेले घेऊन ती बाहेर आली आणि दारातच थबकली. मल्हाररावांच्या पत्नी उषाताई चांदीची अत्तरदाणी घेऊन उभ्या होत्या. तिन्ही परीक्षकांच्या उजव्या हातावर हिन्याचं अत्तर लावून झालं होतं. वर गुलाबपाणीही शिंपडलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मल्हारराव, मी काय सांगितलं होतं?"

"अहो, सेंट कुठं मारलाय? अत्तर आहे ते," मल्हारराव चकित होऊन म्हणाले. "पाहुण्याला अत्तर-गुलाब केल्याशिवाय आमच्याकडे पाणीसुद्धा देत नाहीत. आजोबांच्या वेळेपासूनची रीत आहे."

"त्याच हातानं ते पेला धरणार! पाची पेल्यांना हिन्याचाच वास येईल!"

विक्रमसिंहांनी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "तमाशा करू नकोस शरयू. घरची रीत आहे त्यांची. वहिनीसाहेबांना वाईट वाटेल."

वहिनीसाहेबांना वाईट वाटू नये म्हणून चार वर्षं पाण्यात! शरयू दातओठ खात भिंतीशी उभी राहिली. अत्तरावर ती चिडली होती, रीतीवर चिडली होती, आणि सगळ्यांत जास्त चिडली होती ती आपण गप्प बसलो यावर.

परीक्षक पेले नाकाशी नेत होते, डोळे मिटत होते, माना हलवत होते. डबरा गावच्या डिस्टिलरीची धुरकट वासाची व्हिस्की हिन्याशी भांडून कडू लागली. बाकीच्यांचंही तेच झालं. चौथा पेला शरयूचा. तिची बाजरी मवाळ. त्या व्हिस्कीनं हिना गुमान अंगावर घेतला.

"वा! काय फुलांचा दरवळ आहे," इंदूरची बाई म्हणाली. तिघांनीही चौथ्यालाच पहिला नंबर दिला.

टाळ्या पडल्या. शरयूचे कान तापले. तिनं बाजरी भाजून भाजून जो खरपूस वास आणला होता, त्याबद्दल एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. तेवढ्यात विक्रमसिंह हसत तिच्या कानाशी आले.

"वहिनीसाहेबांना अत्तरवाल्याचा पत्ता विचारून घे. पिंपांत तेच घालू. दोन वर्षं थांबायचीपण जरूरत नाही."

मग मात्र शरयूचा बांध फुटला. ती तरातरा टेबलाशी गेली.

"सूर्याजी, पेला खाली ठेवा आणि स्वतःचा हात हुंगा."

"काय?"

"हात हुंगा म्हणते मी! ज्याला तुम्ही पहिला नंबर दिलात तो दरवळ तिथला आहे. माझ्या व्हिस्कीत फूल नाही, पाकळी नाही. हात धुऊन पुन्हा चाखा."

सूर्याजींनी हात हुंगला आणि ते कानापर्यंत लाल झाले. उषाताई अत्तरदाणी घेऊन आत निघून गेल्या. मल्हारराव म्हणाले की असला अपमान या घरात आजवर कुणी केला नव्हता. पण सूर्याजी फौजी माणूस, ते आधीच उठले होते. तिघांनी बेसनानं हात चोळून धुतले. तासभर थांबून, नंबर बदलून, मल्हाररावांच्या मॅनेजरनं नवे पेले मांडले. या वेळी चौथा संच शरयूनं स्वतःसाठी मागून घेतला.

डबऱ्याची धुरकट व्हिस्की पहिली आली. शरयूची तिसरी.

"खरपूस आहे, जात चांगली आहे," सूर्याजी म्हणाले. "पण कच्ची. पोरीला घाईनं बोहल्यावर उभं केल्यासारखी वाटते."

शरयू जिना उतरून खाली आली. मागोमाग विक्रमसिंह. ते ओरडतील म्हणून ती तयारच होती. उलट उत्तरं जिभेवर होती. पण ते ओरडले नाहीत.

"हातात आलेला नंबर घालवलास," ते म्हणाले. "चल, जाऊ दे. ते तिघं गेले उडत. पंधरा वर्षं तुझ्या नाकावर धंदा केलाय मी. तूपण चाखलीस ना आता? तू फक्त म्हण की ते चुकले. मी आत्ता फोन करून टँकर कॅन्सल करतो."

शरयूला त्यांचा असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पंधरा वर्षांत हा माणूस एकदाही इतकं सरळ बोलला नव्हता, आणि बोलायला त्यानं आजचा दिवस निवडला. समोर टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते, स्टेशनकडं जाणारी माणसं तिला धक्के देत होती. एक शब्द बोलायचा होता. अकरा पिंपं तिच्या डोळ्यांसमोर ओळीनं उभी होती.

"बोल ना. कितवी होती आपली?"

"तिसरी," शरयू ओरडली. "तिसरीच होती."