पालथा ग्लास

पेंडल हार्बरमध्ये जुने गुत्ते पाच, आणि त्यांतल्या चारांत आता घोटभरही मिळत नाही. एकात मेणबत्त्या विकतात. एकात दातांचा डॉक्टर बसतो. एक जळाला, तिथे गाड्या लावतात. चौथ्यात बोस्टनची एक बाई उन्हाळ्यापुरती राहते आणि खिडकीतून कुणी डोकावलं की पोलिसांना फोन करते. तरी ऑरिन थॅक्स्टर रोज दुपारी तिरकी टोपी घालून परगावच्या माणसांचा घोळका ह्या दारांसमोरून फिरवायचा, आणि माणसं खूश होऊन ऐकायची. दारू नसलेल्या गुत्त्यापुढे उभं राहून लोकांना झिंग आणायची तर जिभेला हाड नसावं लागतं. ऑरिनच्या जिभेला ते कधी नव्हतंच.

पाचवा गुत्ता तेवढा जिवंत होता. ग्रे गँडर, धक्क्याच्या अगदी वर. फेरी तिथे संपायची. आज ऑरिनचा सगळा जीव तिथे अडकला होता, कारण आज तिथे ऑल्डन येणार होता.

ऑल्डन त्याचा थोरला भाऊ. जन्मभर त्याने शेवंडी धरल्या, गेल्या आठवड्यात बोट विकली, आणि उद्या सकाळी तो कायमचा जॉर्जियाला मुलीकडे निघाला होता. चार वर्षं तो ऑरिनशी बोलला नव्हता. पेंडल हार्बर एवढंसं गाव. पोस्टात गेलं तरी भाऊ भेटणार, ब्रेड आणायला गेलं तरी भाऊ भेटणार. ऑल्डन दर वेळी ऑरिनकडे असा बघायचा, की जणू समोर कुणी उभंच नाही, नुसती हवा आहे. ऑरिनने त्याची सवय करून घेतली होती. पण जॉर्जियाहून तर हवेकडेही कुणी बघणार नव्हतं.

चूक ऑरिनचीच होती, आणि ती त्याला ठाऊक होती. ऑल्डनचा मुलगा पर्ली नोव्हेंबरातल्या एका सकाळी एकटाच समुद्रात शेवंडींचे पिंजरे उचलायला गेला. दुपारी बोट सापडली ती इंजिन चालू असलेली, एकाच जागी गोल गोल फिरणारी, आणि रिकामी. पिंजऱ्याच्या दोरात त्याचा एक हातमोजा अडकला होता. बाकी काही मिळालं नाही. पुढे ऑरिनने फेरी सुरू केली तेव्हा शेवटच्या गुत्त्यात सांगायला त्याला एक जबरदस्त गोष्ट हवी होती. त्याने काळ दोनशे वर्षं मागे नेला, बोटीला शिडं लावली, पर्लीचा कॅप्टन केला, हातमोजा लाल केला, आणि स्वतःची समजूत घातली की आता ही पर्लीची गोष्ट राहिली नाही. मग एके दिवशी धक्क्यावर कुणा पाहुण्या बाईने ऑल्डनलाच विचारलं, "लाल हातमोज्याचा कॅप्टन इथूनच निघाला होता ना हो?" त्या संध्याकाळी ऑल्डन ऑरिनच्या दारात आला. "माझं पोर विकून खातोस," एवढंच म्हणाला आणि गेला.

तरी ऑरिनने गोष्ट सोडली नाही. सोडायची ठरवून तो रोज निघायचा. पण गँडरमध्ये शिरल्यावर सगळे चेहरे त्याच्याकडे लागायचे, आणि तो सांगून मोकळा व्हायचा. काही माणसं दारू सोडू शकत नाहीत. ह्याला टाळ्या सुटत नव्हत्या.

आता गँडरच्या एका जुन्या रिवाजाचं सांगायला हवं. हॅटी ग्रोव्हर गल्ल्यामागे उभी असायची तेव्हाचा हा रिवाज. कुणाला कुणासाठी पेला सांगायचा असला की हॅटी त्या माणसापुढे छोटा रिकामा ग्लास पालथा ठेवायची. अर्थ सरळ होता: तुझा पुढचा पेला आलेला आहे, उठू नकोस, बस. माणूस भुवई उडवायचा, हॅटी हनुवटीने दाखवायची की कुणाकडून. ग्लास उलटून सुलटा केला तर घेतला. हॅटीकडे परत सरकवला तर नाही. एकमेकांच्या पिंजऱ्यांचे दोर कापलेली, एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली माणसं त्या ग्लासावर पुन्हा बोलायला लागलेली गावाने पाहिली होती. माफी मागायला तोंड उघडावं लागत नसे, आणि तिथल्या माणसांना तोंड उघडण्यापेक्षा दात उपटलेला परवडतो.

फेरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात कुणीतरी ऑरिनला विचारलं, तो ग्लास पालथा का? ऑरिनने खरं ते सांगितलं. ऐकणाऱ्यांचे चेहरे पडले. एवढंच होय! दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला तेव्हा ऑरिनने टोपी काढली, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "तो समुद्रात गेलेल्यांसाठी." एका बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. झालं, तेव्हापासून तो ग्लास मेलेल्यांचा झाला. हॅटी वारली, जागा दुसऱ्याने घेतली, आणि गल्ल्यामागे कीली नावाची मुलगी आली. ती बाहेरगावची. तिला ग्लासाचा ऑरिनने सांगितलेला अर्थच ठाऊक. घोळका आत आला की ती गाणं बंद करायची, कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलापुढे ग्लास पालथा घालायची आणि शेजारी मेणबत्ती लावायची. गावातल्यांनी एकमेकांना ग्लास पाठवणं हळूहळू सोडून दिलं. मढ्याचा ग्लास कोण कुणापुढे ठेवणार?

ऑरिनला मात्र त्या दुपारी हॅटीचाच ग्लास आठवत होता. समोर जाऊन बोलायची छाती नव्हती, चिठ्ठी ऑल्डनने फाडली असती. ग्लास तेवढा उरला होता. त्याने कीलीला फोन केला.

"ऑल्डन येईल गं आज तिथे."

"हो, सगळेच येणारेत त्याला भेटायला. मी केक आणलाय."

"तो बसला की त्याच्यापुढे एक पालथा ग्लास ठेव. माझ्याकडून."

"ऑल्डनपुढे? नक्की?"

"नक्की. वर काही बोलू नकोस. नुसता ठेव."

"त्याला चालेल का पण?"

"तेच तर बघायचंय मला."

"बरं," कीली म्हणाली. "बाई गं, लोक रडतील आज."

कुठले लोक, हे ऑरिनने विचारायला हवं होतं. पण तो स्वतःच्याच आशेत इतका बुडाला होता की त्याला वाटलं, गावातले लोक. भाऊ भाऊ एक झालेले बघून रडतील. त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले होते.

फेरीला नऊ जण होते. मेणबत्त्यांच्या दुकानापुढे ऑरिनने दोन विनोद सांगितले आणि तिसरा विसरला. डॉक्टरच्या दारात तो म्हणाला की आतली खुर्ची एका समुद्री चाच्याची आहे आणि तिच्यावर बसून मेलेला माणूस अजून भूल उतरायची वाट बघतोय. सगळे हसले. निळ्या कोटातल्या एका बाईंनी विचारलं, "खरंच?" आणि त्यांच्या नवऱ्याने त्यांना कोपराने ढोसलं, "अगं, सगळं थापांचंच असतं. मजा घ्यायची." ऑरिनही हसला. मन त्याचं धक्क्यावर होतं. आता ऑल्डन बसला असेल. आता ग्लास समोर आला असेल. उलटला असेल का? का सरकवला असेल? बोस्टनच्या बाईच्या घरापुढे तो थांबलाच नाही, आणि तिची पोलिसांना फोन करायची संधी पहिल्यांदाच हुकली.

गँडरच्या दारात त्याने श्वास घेतला आणि आत पाहिलं. गल्ल्यापाशी ऑल्डन पाठमोरा बसला होता, दोन्ही बाजूंना धक्क्यावरची चार जुनी माणसं. त्याच्यापुढे केकची बशी होती, आणि रमचा अर्धा पेला. पालथा ग्लास कुठेच नव्हता.

घेतला! ऑरिन मनाशी म्हणाला. घेतला आणि पितोय. चार वर्षं वाया घालवली मी, नुसत्या एका ग्लासाचं काम होतं. आता हा घोळका वाटेला लावायचा, आज गोष्ट सांगायचीच नाही, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. तो नऊ जणांकडे वळून म्हणणारच होता की मंडळी, फेरी संपली.

तेवढ्यात गाणं बंद झालं.

कीलीने घोळका पाहिला होता, आणि ती ह्याच क्षणाची वाट बघत होती. गंभीर चेहऱ्याने ती पुढे आली, रोज कोपऱ्यात ठेवायची तो ग्लास तिने ऑल्डनच्या पुढ्यात पालथा ठेवला, त्याच्याशेजारी मेणबत्ती ठेवली आणि काडी ओढली.

ऑल्डनने ग्लासाकडे पाहिलं, मग ज्योतीकडे. "हे काय?"

"ऑरिनने सांगितलंय," कीली हळूच म्हणाली. "समुद्रात गेलेल्यांसाठी."

शेजारच्या म्हाताऱ्यांपैकी एकाने केक खाली ठेवला. ऑल्डन स्टुलावरून सावकाश वळला. चार वर्षांनी त्याने भावाकडे पाहिलं, आणि ह्या वेळी तो हवेकडे बघत नव्हता.

"ये की, बारक्या," तो म्हणाला. लहानपणापासून ऑल्डन त्याला ह्याच नावाने हाक मारायचा. "सांग ना गोष्ट. लोक खोळंबलेत."

"ऑल्डन, हे असं नाही..."

"लाजतोस कशाला? रोज सांगतोस. आज तर बापच आणून बसवलायस पोराचा."

नऊ जण एकमेकांकडे बघून पुढे सरकले. कुणीतरी "श्शू" केलं. एकाने फोन वर धरला.

"नाही सांगत? मग मी सांगतो." ऑल्डन उठून उभा राहिला. आवाज त्याने चढवला नाही. "कॅप्टन बिप्टन कुणी नव्हतं. तेवीस वर्षांचं पोर होतं. सकाळी चहा अर्धा टाकून गेलं, आई ओरडत होती. आणि हातमोजा लाल नव्हता. हिरवा होता. तिने विणलेला, अंगठा जरा मोठा झालेला, त्यावरून तो तिला चिडवायचा. ह्यानं लाल केला. का रे केलास लाल?"

ऑरिनला उत्तर ठाऊक होतं. लाल लोकांना चटकन डोळ्यांपुढे दिसतो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या जिभेला हाड आलं, आणि तेही नको तिथे.

"त्याची आई मरेपर्यंत म्हणायची, हिरवा होता, लोकांना सांगा, हिरवा होता," ऑल्डन म्हणाला. त्याने फुंकर मारून मेणबत्ती विझवली, टोपी उचलली आणि घोळक्यातून वाट काढत बाहेर गेला.

आणि नऊच्या नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या. निळ्या कोटातल्या बाई तर रडत रडत वाजवत होत्या. गल्ल्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. कीली तोंडावर हात ठेवून उभी होती. तिला काहीतरी कळायला लागलं होतं, पण उशिरा.

ऑरिन बाहेर धावला. ऑल्डन आपल्या ट्रकपाशी पोचला होता. मागे ताडपत्रीखाली सगळं घर बांधलेलं होतं.

"ऑल्डन! थांब, थांब रे. तो तसा ग्लास नव्हता. हॅटीचा होता, हॅटीच्या वेळचा. मी तुला पेला सांगितला होता रे. नुसता पेला. त्या पोरीला काय माहीत? बस म्हणायचं होतं मला. उठू नकोस म्हणायचं होतं."

ऑल्डनचा हात दाराच्या कडीवर थांबला. तो वळला. हॅटीचं नाव ऐकून त्याच्या कपाळावरची आठी जरा सैल पडली होती, ऑरिनने ती सैल होताना पाहिली. त्याने काही बोलायला तोंड उघडलंही. मग त्याची नजर ऑरिनच्या खांद्यावरून मागे गेली, आणि तोंड मिटलं.

ऑरिनने मागे पाहिलं. नऊही जण बाहेर आले होते. त्यांचा वाटाड्या निघाला म्हणून तेही निघाले होते, रीतसर, दोघादोघांनी. आणि आता अर्धगोल करून, खेळाचा पुढचा भाग कधी सुरू होतो ह्याची वाट बघत उभे होते. फोन अजून वरच होता.

"ह्यांना पण घेऊन आलास," ऑल्डन म्हणाला.

तो ट्रकमध्ये चढला. दार लागलं. ट्रक चढ चढून चर्चच्या कोपऱ्यावर वळला, आणि मग नुसता रस्ता राहिला.

"वा!" बाईंचा नवरा पुढे आला आणि त्याने ऑरिनचा खांदा थोपटला. "काय काम करतो हो माणूस! कुठून शोधलात?"

"माझा भाऊ आहे तो," ऑरिन म्हणाला. "सख्खा भाऊ आहे."

सगळे मनापासून हसले. चाच्याची खुर्ची ऐकली होती त्यांनी, हेही ऐकलं.

"पण खरंच सांगा," तो माणूस म्हणाला. "रोज असतो का हा?"

"नाही," ऑरिन म्हणाला. "उद्यापासून नाही."

"मग आमचं नशीबच म्हणायचं," तो माणूस बायकोकडे वळून म्हणाला, "आज आलो ते."