धुक्यातले तीन टोले

मी पितळेची घंटा बोलतेय. पूजेची नव्हे, चर्चचीही नव्हे, आगबोटीची! आज मुंबईजवळच्या उत्तनला सेबॅस्टियन कोळ्याच्या ओटीवर मानानं टांगलेली दिसते, पण माझ्या कपाळी एक काळा डाग होता. तो कसा पुसला, ते ऐका.

मुंबईच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला आणि मी थेट एका मालवाहू आगबोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, चढले. धुक्यात चालती आगबोट भोंग्याची लांब शीळ घालते. नांगरलेली असेल, तर दर मिनिटाला पाच सेकंद घंटा भरभर वाजवायची, असा दर्याचा कायदा. समोरचं दिसत नाही म्हटल्यावर ऐकण्यावरच सगळ्यांचा जीव.

१९३१च्या हिवाळ्यात आम्ही धुक्यात नांगरून उभे होतो. मला वाजवणारा खलाशी गारठला होता. "घोटभर चहा मारून येतो," म्हणाला आणि गेला. तेवढ्यात दुसरी आगबोट आमच्या कुशीत घुसली. सात माणसं गेली, तोही गेला. मी धडधाकट होते, पण दोरी ओढायला कोणी नव्हतं. तेव्हापासून मला स्वतःची लाज वाटायची.

भंगारातून मी चोरबाजारात आले. तिथे सेबॅस्टियननं मला उचललं. हा उत्तनचा कोळी, गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवण्याचा मान त्याच्या घराण्याचा. त्यानं मला आपल्या होडीवर बांधलं. त्याचा मेहुणा मॅन्युएल मात्र मला पाण्यात पाहायचा. "हिला ईक नि नवी जाली घे," हे त्याचं रोजचं भजन.

१९३९च्या जानेवारीतली ती सकाळ. दोघं जाळ्यापाशी नांगर टाकून बसलेले. धुकं असं, की मॅन्युएलला स्वतःच्या हातातली विडी दिसेना. मागून एक घंटा भरभर वाजली. मी ओळखलं, आगबोट नांगरलेली आहे. मग समोरून भोंगा झाला. दुसऱ्या वेळी तो अधिक जवळ आला. येणारीला आपल्या इंजिनाच्या धडधडीत मागची घंटा ऐकूच जात नव्हती. आणि मधोमध आम्ही!

"एक उबी हाय, दुसरी तिच्यावर येते," सेबॅस्टियन म्हणाला.

"मंग बसलास कनाला? नांगर तोड, पलू!"

"नि मागची मानसा?"

"आपली मानसा न्हाय का रं?"

घरी सेबॅस्टियनची बायको आयरिन होती, दोन लेकरं होती. तरी त्यानं माझी दोरी पकडली. मी मनात म्हटलं, हाच माणूस माझा! पण बाबानं वाजवलं काय? तीन टोले, थांबला, तीन टोले, थांबला, पुन्हा तीन. चर्चमधल्या सकाळच्या प्रार्थनेचे टोले! अरे देवा! भरभर वाजव की रे, दर्याचा कायदा तरी पाळ! पण त्याच्या हाताला तेवढंच येत होतं. भोंगा अगदी डोक्यावर आला. मॅन्युएल आईमाउलीची प्रार्थना पुटपुटायला लागला. सेबॅस्टियनचा हात थांबला नाही. तीन, तीन, तीन.

आणि एकाएकी वर आरडाओरडा झाला. इंजिन उलटं फिरलं, पाणी उकळल्यासारखं फेसाळलं, आमची होडी पाळण्यासारखी हलली. काळीकभिन्न नाळ दहा हातांवर येऊन थांबली.

वरून सारंग, त्या आगबोटीच्या खलाशांचा म्होरक्या, ओरडला, "ओ कोलीभाई! किनारा किधर? गिरजाघर का घंटा सुना, कप्तान बोला जमीन पे चढ गये!"

सेबॅस्टियननं मला थोपटलं. "गिरजाघर? इगर्जी यो काय, माझ्या होडीन हाय!"

तेवढ्यात ऊन आलं, धुकं फाटलं. आमच्या मागे नांगरलेली आगबोट दिसली. कठड्याशी बोचकी, बायाबापडे, कडेवरची पोरं. सारंगाच्या तोंडचं पाणी पळालं. मग दोन्ही आगबोटींनी मिळून असा भोंगा वाजवला, की मी आनंदानं आपोआप झणझणले. चूक सेबॅस्टियनच्या हाताची, पण काय सोन्यासारखी चूक!

आता १९४९ आहे. होडी थकली, मी ओटीवर आले. दर रविवारी चिंच लावून मला कोण घासतो, माहीत आहे? मॅन्युएल! गावात कोणी मला भंगार म्हणून पाहावं, तो अंगावर धावून जातो.

दर्यावर्दींनो, आता एवढंच मागते. धुकं पडलं, की चुकत का होईना, पण वाजवत राहा. हात गारठू देत. चहा मागाहून प्या.