उभा तो बोलतो

डेंटरनं पहिला हातोडा आरशावर घातला. खोली शिवणक्लासची होती. कपडे घालून बघायचा माणूसभर उंचीचा आरसा खळ्ळकन खाली आला आणि आमच्या पायांत काचाच काचा झाल्या. आम्ही सात-आठ दारुडे गोल बसलो होतो. सध्या न पिणारे दारुडे, असं म्हणायचं असतं तिथं. मला त्या सगळ्या बोलण्याचा मनापासून कंटाळा यायचा, पण प्यायचं नाही तर संध्याकाळी माणसानं जायचं तरी कुठं? म्हणून यायचो आणि तोंडाला कुलूप लावून बसायचो.

"कुठंय तो पेंटर?" डेंटर ओरडला. तोंडाचा भपकारा माझ्यापर्यंत आला.

पेंटर म्हणजे मी. गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा तो डेंटर, त्यावर रंग मारायचा तो मी. एका गॅरेजात आमची उभी हयात गेली, आणि काम सुटलं की एका टेबलावर. मग मला रक्ताची उलटी झाली आणि माझी टरकली. शहाणपण वगैरे काही सुचलं नव्हतं, नुसती टरकली होती. विचारत विचारत दारू सोडणाऱ्यांचा हा गट शोधला आणि डेंटरला थाप मारली, की सासऱ्याला दवाखान्यात डबा पोचवायचा असतो. सासरा कधीच वारलाय आणि डेंटर स्वतः मयताला आला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढा मी गाढव.

"इथंय," मी म्हणालो. तोंड उघडायला नको होतं.

हातोडा माझ्या डाव्या खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. मी खाली आलो. त्यानं माझी खुर्ची लाथेनं उडवली, मग माझ्या बरगडीत लाथ घातली, मग परत तिथंच. आमच्यातला एक स्वयंपाकी ताडकन उठला.

"बसा," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. शाळेची बस चालवून आवाज कमावलेली बाई. गट त्याच चालवायच्या आणि त्यांचा कायदा एकच: उभा तो बोलतो, बसलेले ऐकतात, मध्ये कुणी उठायचं नाही.

"अहो बाई, जीव घेईल तो त्याचा!"

"तो उभा आहे ना? मग पाळी त्याची. बसा खाली."

म्हटलं, बाईचं डोकं फिरलं, आता इथून माझं मढंच उचलायचं. पण बाईंनी खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि बसल्या बसल्याच फरफटत माझ्या आणि हातोड्याच्या मध्ये आणली. मग स्वयंपाक्यानं आणली. मग सगळ्यांनी. काचांवरून खुर्च्या करकरत आल्या आणि माझ्याभोवती त्यांच्या पाठींचं कुंपण झालं.

"बोल," बाई त्याला म्हणाल्या. "ऐकतोय आम्ही."

त्यानं बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हातोडा शिलाई मशीनवर घातला, तिचं चाक तुटून भिंतीवर आदळलं. काहीतरी उडून बाईंच्या कपाळाला लागलं आणि रक्ताची धार नाकावर आली. त्यांनी ती पुसली नाही. मारामाऱ्या मी पुष्कळ केल्यात, समोरचा ओरडला की आपला हात चालतो. इथं कुणी ओरडतच नव्हतं.

"एकटा पितो मी!" डेंटर ओरडला. "एकटा! भिंतीकडे तोंड करून! बायको आतून कडी लावून घेते. सकाळी हातोडा धरवत नाही मला. काल बोट ठेचलं, हे बघा, आणि मला पत्ताच नाही! आणि हा हरामखोर इथं गोल बसून गप्पा मारतो! मला नाही सांगितलंस? मला?"

शेवटी त्याचा आवाज फुटला. हातोडा हातातून निसटला आणि खुर्च्यांखालून सरकत माझ्यापाशी आला. डेंटर भिंतीला टेकून घसरत काचांतच बसला.

"थँक्यू," बाई म्हणाल्या, दर वेळी म्हणतात तसंच. "आता कोण?"

माझा उजवा हात धड होता. डोक्यात एकच होतं, हा हातोडा उचलायचा आणि याची कवटी फोडायची. खरंच त्याचसाठी मी उठलो. तर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभा होतो, म्हणजे पाळी माझी. इतके दिवस चुकवलेली.

हातोडा पायाशी होता. लोंबणारा हात मी दुसऱ्या हातानं धरला.

"मी दारुडा आहे," मी म्हणालो. "थाप मारली तुला. तुला बरोबर आणलं असतं, तर वाटेतच दोघं बारमध्ये शिरलो असतो. मला जगायचं होतं रे. तुझं काय होईल ते मला ठाऊक होतं. तरी टाकून आलो तुला."

डेंटर भिंत धरून उठला, दातओठ खात. मी डोळे मिटून घेतले.

"बस खाली," बाई त्याला म्हणाल्या. "तो उभा आहे अजून."

काचांवरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर डेंटरनं माझीच उडवलेली खुर्ची सरळ करून कुंपणाशी आणली होती. ठेचलेलं बोट मुठीत धरून तो तिच्यावर बसला होता.

"बोल," तो म्हणाला. "ऐकतोय."